डायना २७ की बीएसए एअरस्पोर्टर? शहापूरच्या वाड्यात दोन्ही आहेत, पैसे एकीचेच

खानापूरचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचूलोय, लिहायचं धाडस आज केलं. खानापुरात सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. नेमबाजीतलं मला फार कळत नाही, खरं स्प्रिंग, छर्रे आणि ग्रीस यातलं कळतं.

विषय असा. बेळगावच्या शहापुरात एका जुन्या वाड्याची वाटणी चाललीय. माळ्यावरचं सामान खाली आलं, त्यात एका गोणपाटात गुंडाळलेल्या दोन एअरगन निघाल्या. मालक माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणून पहिला फोन मला. एक नळी मोडून भरायची, दुसरी खालची लिव्हर ओढून भरायची.

मोडायच्या बंदुकीवर एका बाईचं चित्र आहे. बंदूक डोक्यावर उंच धरलीय आणि धनुष्य टाकून दिलंय. डायना, मॉडेल २७, मेड इन जर्मनी. लाकडाला एक बारीक चीर आहे, बाकी ठीक. नळीचा काळा रंग उडून तपकिरी पडलाय, गंज खोल गेलेला दिसत नाही. मोडताना मधेच एकदा कुरकुरते.

दुसरीवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात. ते चिन्ह बघून मी तिथंच हसलो. वडिलांच्या दुकानात बीएसए सायकली यायच्या, त्यांच्या पुढच्या बिल्ल्यावर हेच. लहानपणी मला ते शेकोटीचं लाकूड वाटायचं. ही एअरस्पोर्टर. जड आहे, लाकूड सुंदर आहे, आणि लिव्हर पुढच्या लाकडात अशी लपलीय की मला आधी सापडलीच नाही. मालक म्हणाले, "अहो, ही भरायची कुठनं?" मी म्हटलं, मला पण माहीत नाही.

दोन्हींचा मिळून भाव मला झेपत नाही. एकीपुरते पैसे आहेत, आणि ते पण घरी चाक सरळ करायचा नवीन स्टँड घेतो म्हणून सांगून बाजूला काढलेत.

भीती कशाची, ते पण सांगतो. वडिलांची एक जुनी डायना होती. पाच-सहा वर्षांपूर्वी मी ती एका शहरात एका कारागिराकडं 'नवीन करून द्या' म्हणून दिली. नवीन करून दिली की! बफिंग मारून आरशासारखी केली, वरनं काळा रंग. चित्रातल्या बाईचं तोंड गेलं, अक्षरं निम्मी गेली. आत जाड स्प्रिंग घातली, 'आता बघा पॉवर' म्हणाला. महिनाभरात दस्त्याच्या स्क्रूपाशी लाकूड फाटलं. वडील तेव्हा होते. काही बोलले नाहीत, नुसतं अंगठ्यानं ती पुसलेली जागा चाचपून बघितली. त्यामुळं परत तीच चूक नको.

तर सांगा: कुठली घेऊ, घ्यायच्या आधी काय काय बघू, आणि आतलं चामड्याचं वॉशर गेलं असेल तर आपल्या भागात कुठं मिळेल?

उद्यमबाग_लेथ

सायकलवाले, आधी एक काम करा. दोन्हीत तेल ओतू नका. मला माहीत आहे, हातात ऑइल कॅन असतोच तुमच्या. पिस्टनच्या पुढं साधं तेल गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं, धूर येतो, धडाम आवाज होतो, आणि लोकांना वाटतं बंदूक जोरात चालली. त्यात वॉशर आणि स्प्रिंग दोन्ही मरतात.

आता तुलना. या दोन बंदुका एका वर्गातल्याच नाहीत. डायना २७ हलकी, पावणेतीन किलोच्या आत. एअरस्पोर्टर साडेतीनच्या आसपास. २७ दिवसभर हातात धरा, खांदा बोलत नाही. वेग साधारण सेकंदाला १६५ मीटर धरा, छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ताकद ७ जूलच्या थोडी वर. एवढीच. आणि एवढीच पुरते. तुमच्या त्या कारागिराला हेच कळलं नाही. या बंदुकीची स्प्रिंग मऊ ठेवायचीच असते. स्प्रिंग सुटली की पिस्टनचं वजन पुढं धावतं, बंदूक आधी मागं सरते, मग पिस्टन टोकाला पोचला की पुढं. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत हे सगळं होतं. जाड स्प्रिंग घातली की हे दोन्ही झटके वाढतात, वेग मात्र नावाला वाढतो, कारण हवा मावणारी जागा तेवढीच. मग लाकूड फाटतं.

२७ चा खरा दागिना तिचा चाप. आत सिअरच्या, म्हणजे पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, जागी गोळ्या आहेत. एका बाहीत तीन पोलादी गोळ्या, त्या पिस्टनच्या दांड्याला धरतात. चाप ओढला की बाही सरकते, गोळ्या बाहेर पडतात, पिस्टन सुटतो. मागच्या दोन स्क्रूंनी तो असा लावता येतो की काच फुटल्यासारखा सुटतो. तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डायनाच्या चापात छर्रे आहेत, आणि नळीत पण छर्रे.

एअरस्पोर्टर १९४८ साली आली. तिची नळी हलत नाही, हा मोठा फायदा. लिव्हर ओढली की वरची गोल तोटी आपोआप उघडते, त्यात छर्रा टाकायचा, नाक खाली. सुरुवातीच्यांत पिस्टनचं तोंड शंकूसारखं आहे. यंत्रकाम बघाल तर बर्मिंगहॅमला साष्टांग दंडवत घालाल. खरं ती तोटी झिजली असेल तर खेळ संपला. पातळ कागदाची पट्टी तोटीवर ठेवून एक बार काढा, कागद उडाला तर हवा गळतेय. नवीन तोटी बसवणं म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप जुळवायचं काम आहे. मी करतो, पण रडत करतो.

दोन्हींत छर्ऱ्याशिवाय बार काढायचा नाही. पुढं छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन सरळ लोखंडावर आदळतो.

जत्रेतला_नेमबाज

सायकलवाले मामा, लेथवाल्यांनी पुस्तकातलं सांगितलं, मी रस्त्यावरचं सांगतो. आमच्या वडलांचा फुग्यांचा बोर्ड होता. चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लम्मा, मधल्या गावांच्या म्हाया, सगळीकडं. बोर्डावर फुगे, समोर पाट, त्यावर चार बंदुका साखळीनं बांधलेल्या. त्यातली एक २७ होती, आम्ही तिला 'बाई' म्हणायचो.

मोडायची बंदूक घेताना पहिलं बघायचं ते नळी वाकलीय का. कशी वाकते? पोरगं नळी मोडतं, छर्रा घालायच्या आधीच दुसऱ्या हाताचं बोट चापाला लागतं, आणि नळी उघडी असतानाच स्प्रिंग सुटते. नळी फाडकन वर येऊन बंद होते आणि ठोकळ्यापाशी वरच्या बाजूला थोडी वाकते. त्या दिवसापासून बंदूक उंच मारते. लोक म्हणतात, जत्रावाले नेम धरायची पुढची माशी मुद्दाम वाकडी करतात. आमच्या वडलांना माशीला हात लावायची गरजच पडली नाही, नळ्याच वाकड्या होत्या सगळ्या.

बघायची रीत: पोलादी पट्टी नळीवर उभी धरा आणि उजेडाकडं तोंड करा. मधे उजेड दिसला की समजायचं. तुमच्याकडं चाकाची आरी बघायची नजर आहे, पट्टी पण लागायची नाही.

आणि छर्रा घालताना नळी एका हातानं घट्ट धरूनच ठेवायची. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आजही दोन भागांत वाढतं. नववीत होतो.

कोल्हापूर_पीसीपी

कशाला जुन्या डबड्यांच्या नादाला लागता? पीसीपी घ्या, स्प्रिंगऐवजी टाकीतल्या दाबलेल्या हवेवर चालणारी. हवा भरा, झटका नाही, एका भोकात दहा छर्रे. राधानगरीकडच्या आपल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधून कांस्य आणलं ते काय डायनानं आणलं काय?

उद्यमबाग_लेथ

डायनानं नाही आणि पीसीपीनं पण नाही. कुसाळेंचं पदक ५० मीटर थ्री पोझिशन्सचं. ती .२२ ची काडतुसाची रायफल, एअर रायफल नव्हे. एअर रायफल म्हणजे १० मीटर. आणि तिथं एके काळी स्प्रिंगच्याच बंदुका होत्या. फाइनवेर्कबाऊ ३०० बघा, तिची सगळी यंत्रणा लाकडावर मागं सरकते आणि झटका तिथंच खाऊन टाकते. कधी बेळगावला आलात तर दाखवतो. मग डबडं म्हणा.

निपाणीच्या_काकू

सायकलवाले भाऊ, माझ्याकडं वेब्ली मार्क ३ आहे, आमच्या मालकांची. ती पण खालच्या लिव्हरची, तोटीवाली. ते गेल्यावर विकायचा विचार होता, पण मीच शिकले. आता परसात दहा मीटरवर पत्र्याच्या पेटीत वाळू भरून, पुढं कागद लावून रोज वीस बार काढते. सुनेला वाटतं मी तंबाखूच्या वखारीतली उंदरं मारते.

दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. एक, बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, विचारा. डायना ४.५ आहे की ५.५? आर्म्स रूल्स २०१६ मध्ये एअरगनसाठी ४.५ मिलिमीटर आणि २० जूल हे दोन आकडे आहेत. ४.५ ची जुनी २७ दोन्ही आकड्यांच्या आत राहते. एअरस्पोर्टर बहुतेक ५.५ निघेल. ती घ्यायच्या आधी परवान्याच्या डीलरकडं किंवा पोलीस ठाण्यात विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. कोगनोळी नाक्यावर गाडी अडवली तर 'लेथवाले म्हणाले' हे चालत नाही. विकत घेताना पण साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याची सही घ्या. वाटणीतलं सामान आहे, उद्या कोणी चुलतभाऊ उभा राहील. आणि पाखरं, माकडं यांच्याकडं तोंड पण करायचं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगन आणि रायफल असा भेद करत नाही.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी आहे, पण खरी. खंडेनवमीला पूजा कराल तेव्हा हळदकुंकू लाकडाला लावा, लोखंडाला नको. आमच्या वेब्लीच्या नळीवर पाच बोटांचे पाच डाग कायमचे आहेत. ओलं कुंकू तसंच ठेवून दिलं आणि दिवाळीला उघडून बघितलं. मालकांनी ते डाग घासू दिले नाहीत, मी पण घासत नाही.

खानापूरचा_सायकलवाला

सगळ्यांचे आभार. काल रविवार, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून परत शहापूरला गेलो. सोबत पोलादी पट्टी, टॉर्च, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद आणि छर्ऱ्यांची डबी. वाड्याच्या मागं पडकी भिंत आहे, तिच्यापुढं मातीची पोती रचली.

एअरस्पोर्टर ५.५ च निघाली, काकूंचं बरोबर. माझ्याकडं त्या मापाचे छर्रे नव्हते, मालकांच्या जुन्या डब्यात पांढरे पडलेले सात-आठ निघाले. त्यातले तीन तोटीत खाली उतरलेच नाहीत, घेर मोठा. चौथा उतरला. बार काढला, कागदाची पट्टी उडून माझ्या दाढीला चिकटली. मालक हसून हसून खाली बसले. म्हणजे तोटी गळते. लाकूड मात्र... मंडळी, काय लाकूड आहे. हात फिरवत बसावं.

डायना ४.५. पट्टी लावली, उजेड नाही, नळी सरळ. मागच्या बाजूला, लाकडाच्या कडेला लागून, बारीक आकडे होते: ०४ आणि ६८. हे काय, अनुक्रमांक?

दहा पावलांवर पाच छर्रे मारले. दोन पोत्यात, तीन कुठं गेले ते देवाला माहीत. खरं चाप! चाप ओढला तेव्हा वाटलं मी ओढलाच नाही, तोच सुटला. नवीन फ्रीव्हील ग्रीस घालून फिरवल्यावर जसं बोटाला लागतं, तसं.

घेतली. कागद केला, दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या. बार काढताना मागून फुस्स आवाज येतो आणि जोर कमी आहे, म्हणजे वॉशर वाळलेलं असणार.

उद्यमबाग_लेथ

०४ ६८ म्हणजे एप्रिल १९६८, महिना आणि वर्ष. म्हणजे ती राश्टाटची, जर्मनीतली. हे महत्त्वाचं, कारण युद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव दोन्ही स्कॉटलंडच्या मिलब्रोकडं गेलं होतं. त्यामुळं ब्रिटिश डायना वेगळी आणि जर्मन डायना वेगळी, आणि इंग्लंडमध्ये जर्मनांना आपलीच बंदूक 'ओरिजिनल' नावानं विकावी लागायची. अशी खूण पुसली की बंदुकीचा जन्मदाखला गेला. तुमच्या वडिलांच्या बंदुकीचं तेच झालं.

वॉशरसाठी अथणीकडं जा. अथणी, मदभावी, कुठंही चपला करणारा जुना माणूस गाठा आणि बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं माग, साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं. बाजारातलं क्रोमचं निळसर चामडं घेऊ नको, ते मऊ असतं पण दिलेला आकार धरत नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यात दाबलं की वाटीसारखं होतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. साचा आणि दट्ट्या मी लेथवर काढून ठेवतो, पिस्टन घेऊन ये म्हणजे माप घेता येईल. सावलीत दोन दिवस वाळवायचं, उन्हात नाही. मग वहाणेला तेल पाजतात तसं पाजायचं. नीट्सफूट तेल मिळालं तर उत्तम, ते गुरांच्या पायांच्या नळ्यांचं आणि खुरांचं असतं. रात्रभर पिऊ दे, सकाळी पुसून बसव. नळी मोडते तिथं, तिच्या मागच्या तोंडाशी, एक छोटं चामड्याचं वॉशर असतं, ते पण त्याच तुकड्यातून काढ. फुस्स आवाज बहुतेक तिथलाच आहे.

उघडताना मागच्या दोन पिना काढायच्या आहेत, पण स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय नाही. तोंड बाजूला ठेव.

जत्रेतला_नेमबाज

आणि खाली धोतर नाहीतर चादर अंथरा मामा. गोळ्या पडतात.

खानापूरचा_सायकलवाला

अथणीहून चामडं आलं. म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, कुठल्या पायाचं माप? मी पिस्टन दाखवला. त्यानं तो उलटासुलटा केला, जुन्या वॉशरला नाक लावलं आणि म्हणाला, "हे परदेशी चामडं. खरं आमच्यासारखंच कमावलंय की." तुकड्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून माझ्या मुलीसाठी एक चप्पल जोड घेतला.

काल रात्री दुकानाचं शटर ओढून बंदूक उघडली. टायर लिव्हर आणि मोठा बाक शिकंजा वापरून स्प्रिंग दाबली. स्प्रिंग काढून काचेवर लोळवली, एका जागी जरा उडते, खरं चालेल. बदलणार नाही. पिस्टनवरचं वॉशर खारकेसारखं कडक झालेलं. कुरकुर कुठली ते पण कळलं, आत ग्रीसचा मेणासारखा थर होता, त्यात कधीकाळची मुंगी पण.

नळीला हात लावलेला नाही. तपकिरी आहे तशीच ठेवलीय, नुसतं तेलाच्या फडक्यानं पुसली. बाई पण आहे तशीच आहे.

आता अडचण. चादर अंथरली होती, जत्रावाल्या भावाचं ऐकून. गोळ्यांची बाही काढताना दुकानातलं मांजर फळीवरून चादरीवर उतरलं. दोन गोळ्या सापडल्या. तिसरी उडून बाकाखाली गेली, आणि बाकाखाली माझा छर्ऱ्यांचा डबा असतो, उघडा. त्यात पुढच्या चाकाचे, मागच्या चाकाचे, पेडलचे, सगळे मिळून किलोभर छर्रे असतील. नवीन छर्रा टाकून चालेल का? सारखाच दिसतो.

उद्यमबाग_लेथ

सारखा दिसतो म्हणून टाकू नकोस. एक गोळी थोडी जरी लहान असली तर सगळा भार दोघींवर येतो, आणि बंदूक भरलेली असताना आपोआप सुटते. सापडलेल्या दोन्ही कागदात गुंडाळ आणि डबा तसाच घेऊन ये. मायक्रोमीटरवर एक एक बघू. बुधवारी कारखान्याला सुट्टी असते, सकाळी ये.

निपाणीच्या_काकू

मांजराला मारू नका हो.

खानापूरचा_सायकलवाला

मांजर डब्यावरच झोपलंय काकू. बुधवारी येतो लेथवाले. आणि ती एअरस्पोर्टर अजून वाड्यातच आहे, तुमची चौकशी करूलेत मालक. तोटी कोण करून देईल म्हणून.

उद्यमबाग_लेथ

काकूंनी सांगितलेला कागद आधी आणतो. मग बघू. लाकूड खरंच एवढं चांगलं आहे काय?